त्यावर कोरल चालेल का?

तुळशीचे लग्न लागले की नाशिकमधल्या डीटीपीच्या दुकानांत पत्रिकांची गर्दी सुरू होते. ग्राहक थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन येतो आणि सांगतो, ‘‘हीच ठेवा, फक्त नावे आणि मुहूर्त बदला.’’ दुकानदार जुनी फाइल शोधतो, कोरलड्रॉमध्ये उघडतो, मजकूर बदलतो आणि प्रूफ हातात ठेवतो. अर्ध्या तासाचे काम. हे काम ज्या संगणकावर होते तो मात्र पुष्कळदा आठ-दहा वर्षांचा जुना असतो. चालतो आहे तोवर त्याला कोणी हात लावत नाही.

आता हात लावायची वेळ आली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही. पण सुरक्षेतल्या नव्या फटी बुजवणारे अपडेट थांबले. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ बसवावी तर ती टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागते आणि प्रोसेसरही नव्या पिढीचा मागते; इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपुढचा. दुकानातला जुना संगणक नेमका इथे नापास होतो.

अशा वेळी इंजिनीअरिंगला असलेला भाचा सुचवतो, ‘‘मामा, लिनक्स टाका. फुकट आहे, जुन्या मशीनवरही चालतं.’’ मामा एकच प्रश्न विचारतो, ‘‘त्यावर कोरल चालेल का?’’

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. गेली पंचवीस-तीस वर्षे लिनक्सचे टेबलावरच्या संगणकावरचे भवितव्य याच प्रश्नाभोवती फिरते आहे. माणूस ऑपरेटिंग सिस्टीम वापरायला संगणक घेत नाही. तो कोरल, टॅली, ऑटोकॅड वापरायला घेतो. आणि गंमत म्हणजे मामांच्या प्रश्नाचे उत्तर एकेकाळी ‘हो’ असे होते.

सन २०००मधले ‘हो’

फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१मध्ये लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. त्याची मूळ संहिता कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते, म्हणून तिला मुक्तस्रोत म्हणतात. आज इंटरनेटमागचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात; आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच आहे. घरच्या आणि दुकानातल्या संगणकावर मात्र विंडोजचे राज्य राहिले.

ते मोडून काढता येईल असे एका मोठ्या व्यापारी कंपनीला वाटले होते. ती कंपनी म्हणजे कॅनडातल्या ओटावाची कोरल. १९८९मध्ये कोरलड्रॉ बाजारात आणणाऱ्या या कंपनीने १९९६मध्ये वर्डपरफेक्ट हे शब्दलेखनाचे सॉफ्टवेअर विकत घेतले होते आणि मायक्रोसॉफ्टच्या वर्डसमोर ते सतत मार खात होते. विंडोजच्याच अंगणात विंडोजच्या मालकाशी लढणे अवघड, म्हणून संस्थापक मायकेल काउपलंड यांनी अंगणच बदलायचे ठरवले. १९९८मध्ये वर्डपरफेक्ट ८ लिनक्सवर आले. नोव्हेंबर १९९९मध्ये कोरलने स्वतःची लिनक्स प्रणाली काढली. २०००मध्ये वर्डपरफेक्ट ऑफिसचा पूर्ण संच आणि पाठोपाठ कोरलड्रॉ ९ लिनक्ससाठी विक्रीला आले. नाशिकच्या मामांना जे हवे आहे, ते पंचवीस वर्षांपूर्वी खोक्यात घालून विकले जात होते.

मग ते गेले कुठे?

द्राक्षाविना वाइन

इतक्या मोठ्या सॉफ्टवेअरची लाखो ओळींची संहिता लिनक्ससाठी नव्याने लिहायची तर वर्षे लागतात. कोरलने जवळचा रस्ता धरला, त्याचे नाव वाइन. नाशिककरांना वाइन म्हटले की गंगापूर धरणाकडचे द्राक्षमळे आठवतील. ही वाइन मात्र एक सॉफ्टवेअर आहे आणि १९९३पासून जगभरचे प्रोग्रामर ती मिळून तयार करत आहेत.

वाइनचे काम दुभाष्याचे आहे. कोणताही प्रोग्राम चालताना ऑपरेटिंग सिस्टीमकडे सतत काहीतरी मागत असतो: ही फाइल उघड, इथे चौकट काढ, हा फॉन्ट दे, प्रिंटरला हे पाठव. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम या मागण्या विंडोजच्या ठरावीक शब्दांत करतो. लिनक्सला ते शब्द कळत नाहीत. वाइन मध्ये उभी राहते, मागणी ऐकते, लिनक्सच्या भाषेत ती पुरी करून घेते आणि उत्तर विंडोजच्या थाटात परत देते. प्रोग्रामला आपण परक्या घरी आहोत हे कळतही नाही. पण अशा मागण्या हजारो प्रकारच्या असतात आणि त्यांतल्या कित्येकांचे बारकावे मायक्रोसॉफ्टने कागदावर मांडलेले नाहीत. दुभाषी एका शब्दाला अडखळला की प्रोग्राम कोसळतो.

वाइनची १.० ही पहिली ‘पक्की’ आवृत्ती जून २००८मध्ये आली, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी. कोरलने ती २०००मध्येच, अर्धी कच्ची असताना वापरली. तिच्यात स्वतःच्या माणसांकरवी बरीच भर घातली, ती भर सर्वांना खुलीही केली. पण ग्राहकाच्या हातात जे पडले ते संथ आणि मधूनच बंद पडणारे होते. शिवाय लिनक्सवर आलेल्या हौशी मंडळींना सॉफ्टवेअरला पैसे मोजायची सवय नव्हती, आणि पैसे मोजणारे चित्रकार-मुद्रक विंडोजवर सुखात होते.

पैसा आटला. ऑगस्ट २०००मध्ये काउपलंड पायउतार झाले. ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टनेच कोरलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर गुंतवले. लिनक्सचा काटा काढण्यासाठीच हे पैसे आले, अशी कुजबुज तेव्हा झाली. पण कोरलचा खिसा त्याआधीच रिकामा झाला होता. २००१मध्ये लिनक्सचा विभाग झँड्रॉस या नव्या कंपनीला विकला गेला. लिनक्ससाठीच्या कोरलड्रॉची पुढची आवृत्ती आली नाही. त्याच वर्षी बोरलँड कंपनीने आपले लोकप्रिय डेल्फाय ‘कायलिक्स’ या नावाने लिनक्सवर आणले. तीन आवृत्त्यांनंतर तेही थांबले.

कंपन्या का कचरतात?

पहिले कारण गिऱ्हाइकांची संख्या. संकेतस्थळांवरच्या भेटी मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या पाहणीत जगातल्या डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा फेब्रुवारी २०२४मध्ये प्रथमच चार टक्क्यांपर्यंत पोचला. भारतात तो याच मोजणीत दोन आकडी दिसला. पण या आकड्यात शाळा, कार्यालये आणि प्रोग्रामर येतात. त्यांतले कोरल विकत घेणारे किती, हा कंपनीचा प्रश्न असतो. ग्राहक नाहीत म्हणून सॉफ्टवेअर नाही आणि सॉफ्टवेअर नाही म्हणून ग्राहक नाहीत, अशी ही कोंडी आहे.

दुसरे कारण, लिनक्स एक नाही. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन अशी अनेक घराणी. प्रत्येकात सोबतच्या सुट्या भागांच्या आवृत्त्या वेगळ्या. कंपनीने कशावर तपासून द्यायचे आणि बिघडले तर फोन कोणी घ्यायचा? सगळे लागणारे भाग प्रोग्रामसोबतच गुंडाळून देणाऱ्या फ्लॅटपॅक, स्नॅपसारख्या पद्धतींनी गेल्या दहा वर्षांत हा त्रास बराच कमी केला आहे.

तिसरे कारण एक गैरसमज. लिनक्सवर आपले सॉफ्टवेअर आणले तर त्याची संहिताही उघड करावी लागेल, अशी भीती कंपन्यांना वाटे. तसे नाही. मुक्त परवान्याची संहिता आपल्या प्रोग्राममध्ये मिसळून वाटली तर तिच्या अटी लागू होतात. केवळ लिनक्सवर चालणारा प्रोग्राम बंदिस्त ठेवून विकायला कोणतीही आडकाठी नाही.

चौथे कारण आपल्याकडचे आणि थोडे अवघड जागेचे आहे. लिनक्सची मोठी जाहिरात म्हणजे ते फुकट असते. पण ज्या बाजारात विंडोज आणि कोरल या दोन्हींच्या चोरट्या प्रती शे-दोनशे रुपयांत बसवून मिळतात, तिथे फुकटाचे अप्रूप राहत नाही. चोरीमुळे विंडोज कंपनीचे नुकसान होते हे खरे. पण त्याच चोरीने लिनक्सची वाटही अडवली आहे.

ज्यांना जमले

तरीही काही कंपन्यांना लिनक्सवर बस्तान बसवता आले. जर्मनीतल्या स्टार डिव्हिजनचे स्टारऑफिस सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९मध्ये घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याची संहिता खुली केली. त्यातून ओपनऑफिस आणि २०१०मध्ये लिबरऑफिस निघाले. इथे विकायची वस्तूच कंपनीने सोडून दिली. कमाई यंत्रसामग्री आणि सेवेतून करायची असा तिचा हिशेब होता.

चित्रपटांच्या दृश्यपरिणामांसाठी वापरले जाणारे माया किंवा रंगसंस्करणासाठीचे डाविंची रिझॉल्व्ह ही महागडी व्यापारी सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात. कारण मोठ्या स्टुडिओंकडे आधी युनिक्सची यंत्रे होती, ते तिथून सरळ लिनक्सवर आले आणि त्यांनी कंपन्यांना सांगितले, ‘आम्ही इथे आहोत, तुम्हीही या.’ ग्राहक संघटित असेल तर कंपनी येते. केरळने याच शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी शाळांतले संगणकशिक्षण लिनक्सवर नेले, त्यामागची ताकदही तीच: एकत्र घेतलेला निर्णय.

पुण्याचे उदाहरण आणखी वेगळे. कैलास आणि संजय काटकर या बंधूंच्या क्विक हीलची ओळख विंडोजवरचा अँटिव्हायरस अशी. पण त्यांनी लिनक्ससाठीही तो काढला. लिनक्सला विषाणूंचा उपद्रव कमी, मग कशाला? कारण कार्यालयातला ईमेल आणि फायली साठवणारा सर्व्हर पुष्कळदा लिनक्सचा असतो आणि त्याच्यामार्फत विंडोजवाल्यांना संसर्ग पोचतो. गरज नेमकी ओळखली की छोट्या बाजारातही जागा सापडते.

आणि वाइनचे काय? कोरलने अर्धवट सोडलेला तो रस्ता एका खेळांच्या कंपनीने पुरा केला. अमेरिकेतल्या व्हॉल्व्हने २०१३मध्ये आपले स्टीम हे खेळांचे दुकान लिनक्सवर आणले. खेळ बनवणारे फारसे फिरकले नाहीत. २०१५मधली त्यांची लिनक्सवरची खेळयंत्रेही पडली. मग २०१८मध्ये त्यांनी वाइनवर आधारलेले प्रोटॉन काढले आणि २०२२मध्ये हातात मावणारे स्टीम डेक. आज विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ त्यावर चालतात आणि खेळणाऱ्याला खाली लिनक्स आहे याचा पत्ताही नसतो. व्हॉल्व्हकडे पैसा होता, चिकाटी होती आणि तोवर वाइनही मुरली होती.

खुद्द मायक्रोसॉफ्टही बदलली. २००१मध्ये तिच्या प्रमुखांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती; आज तिचा प्रोग्राम लिहिण्याचा संपादक, डेटाबेस आणि ब्राउझर लिनक्सवर मिळतात. ऑफिस मात्र तिने ब्राउझरपुरतेच दिले. हा सगळ्यांनाच सापडलेला मधला मार्ग आहे. कोरलड्रॉचीही ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आहे. इथे खाली कोणती प्रणाली आहे याने फरक पडत नाही. मोबदल्यात वर्गणी भरावी लागते आणि आपली फाइल कंपनीच्या सर्व्हरवर राहते.

मराठीची गोची

आता पुन्हा पत्रिकेकडे येऊ. समजा, उद्या कोरलड्रॉ लिनक्सवर आले. मामांचे काम भागेल का? पुरते नाही. कारण पत्रिकेतला मराठी मजकूर.

संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. जगाने मान्य केलेल्या युनिकोड पद्धतीत ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, मग संगणक कोणताही असो. पण आपल्याकडचे डीटीपी युनिकोडच्या आधीचे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरनी तेव्हा मोठेच काम केले: इंग्रजीसाठीच्या मोजक्या घरांत त्यांनी मराठीचे काने, मात्रा, अर्धी अक्षरे बसवली. त्यांच्यामुळेच मराठी छपाई शिशाच्या खिळ्यांवरून संगणकावर आली. मात्र प्रत्येकाने घरांची वाटणी आपापल्या पद्धतीने केली. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘शुभविवाह’ उघडला की इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर शोधता येत नाही, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येत नाही. काही सॉफ्टवेअरसोबत चोरी रोखण्यासाठी यूएसबीचे ‘लॉक’ असते. ते लावल्याशिवाय टंकलेखनही नाही.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे, विंडोजमध्ये ती विंडोज २०००पासून नीट उमटू लागली. मग दुकाने तिकडे का वळली नाहीत? कारण हत्यारे तयार नव्हती. पेजमेकरला शेवटपर्यंत युनिकोड मराठी जमली नाही. इनडिझाइनला आणि कोरलड्रॉला जोडाक्षरे नीट जमायला २०१२ उजाडले. लिनक्सच्या बाजूलाही विलंबच: रेड हॅटने लोहित हे भारतीय लिप्यांचे मुक्त फॉन्ट २००४मध्ये दिले, पण पानमांडणीच्या स्क्रायबसमध्ये देवनागरीची जुळणी २०१७च्या सुमाराला आली. तोवर दुकानांच्या हार्ड डिस्कवर वीस वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, कार्यअहवाल आणि पुस्तके जुन्या फॉन्टांत साठून गेली होती.

मामांना बांधून ठेवणारी खरी दोरी विंडोज ही नाहीच. ती त्यांच्या फायलींच्या आत आहे.

दवाखान्यातला धडा

याच्या उलट उदाहरण आपल्या घरातल्या कपाटात सापडेल. नाशिकमध्ये सीटी स्कॅन किंवा एमआरआय काढल्यावर मिळणारी सीडी घेऊन आपण मुंबईच्या डॉक्टरांकडे जातो. यंत्र एका कंपनीचे, तिथला संगणक दुसऱ्या कंपनीचा. तरी प्रतिमा उघडते. कारण ती डायकॉम या सर्वमान्य मांडणीत असते. १९८०च्या दशकापर्यंत इथेही प्रत्येक यंत्र-कंपनीची वेगळी तऱ्हा होती. अमेरिकेतल्या क्ष-किरणतज्ज्ञांची आणि यंत्र-उत्पादकांची संघटना एकत्र बसल्या, १९८५मध्ये पहिला समान नमुना निघाला आणि १९९३मध्ये त्याला डायकॉमचे रूप आले. आज त्या प्रतिमा पाहण्यासाठी महागडी सॉफ्टवेअर आहेत, तशीच लिनक्सवर चालणारी मुक्त सॉफ्टवेअरही आहेत. कंपन्या आपसात स्पर्धा करतात, पण रुग्णाची प्रतिमा ओलीस ठेवत नाहीत.

दवाखान्यांनी दुसराही धडा दिला आहे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू पसरला, तेव्हा ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया आणि रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तडाखा बसला तो अपडेट न केलेल्या विंडोज संगणकांना. ‘चालतंय ना’ म्हणून जुनी प्रणाली इंटरनेटला जोडून ठेवण्याचा धोका असा असतो. पॅथॉलॉजी लॅब असो की पत्रिकेचे दुकान, एका सकाळी सगळ्या फायली कुलूपबंद झालेल्या दिसू शकतात.

मग काय करावे?

दुकानदारांनी, छोट्या लॅबवाल्यांनी आणि शाळांनी घाईने काही करू नये. सिंहस्थाच्या छपाईची लगबग सुरू असताना तर नाहीच. पुढील गोष्टी मात्र सवडीने करता येतील.

आधी यादी करा: रोज कोणते प्रोग्राम लागतात आणि त्यांतले किती खरोखर विंडोजशिवाय अडतात. ईमेल, पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, व्हॉट्सॲप वेब यांना लिनक्स पुरते. कोरल, टॅली, फ्लेक्स छपाईच्या यंत्राचे सॉफ्टवेअर यांना सध्या विंडोजच लागते. वाइनवर कोरलच्या नव्या आवृत्त्या भरवशाने चालतील असे धरून चालू नये.

दोन संगणक असतील तर कामे वाटून द्या. जुन्या विंडोजवर फक्त कोरल आणि जुन्या फायली. त्याचे इंटरनेट काढून टाका. दुसऱ्यावर लिनक्स, आणि बाहेरचा सगळा व्यवहार तिथून. ग्राहकाचा पेन ड्राइव्ह आधी या दुसऱ्या संगणकाला लावावा.

लिनक्स बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. हार्ड डिस्कला धक्का न लावता तसे करता येते. प्रिंटर आणि स्कॅनर चालतात का, हे तिथेच कळते.

इंकस्केप आणि लिबरऑफिस ड्रॉ ही मुक्त सॉफ्टवेअर कोरलच्या बऱ्याच फायली उघडतात. चित्रे बहुधा येतात, सजावट थोडी हलते आणि जुन्या फॉन्टातला मजकूर डोळ्यांत तेल घालून तपासावा लागतो.

सर्वांत महत्त्वाचे: नवे काम युनिकोडमध्ये करा. मुक्त, बालू यांसारखे देखणे देवनागरी फॉन्ट कोणालाही विनामूल्य वापरता येतात. प्रत्येक कामाची पीडीएफ ठेवा आणि मजकूर वेगळ्या साध्या फाइलमध्येही ठेवा. जुन्यांपैकी जे पुन्हा लागणार आहे तेवढे रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणा. सगळे एकदम करू म्हटले तर होणार नाही.

छापून घेणाऱ्यांनीही एक सवय लावून घ्यावी. संस्थेची स्मरणिका, आजोबांचे आत्मचरित्र, मंडळाचा अहवाल छापून झाला की छापील प्रतींबरोबर मजकुराची युनिकोड फाइल मागून घ्यावी. तिच्यासाठी थोडे पैसे पडले तरी द्यावेत. दहा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची झाली तर तोच मजकूर पुन्हा टंकलिखित करण्याचा खर्च त्याहून कितीतरी जास्त असतो.

भाच्याने मामांना प्रामाणिकपणे सांगावे की कोरल आज लिनक्सवर थेट चालत नाही. पण जे दुकान आजपासून आपल्या फायली मोकळ्या ठेवील, त्याला पुढच्या वेळी विंडोजची मुदत संपली तरी हा प्रश्न इतका छळणार नाही. कोरल लिनक्सवर येते की नाही, हे ओटावात ठरेल. ‘शुभविवाह’ कोणत्या क्रमांकांनी साठवायचे, हे मात्र नाशिकच्या दुकानातच ठरते.